सरकारचा आकडा

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडहून देगलूरमार्गे निघाले की तेलंगणा लागतो, मुक्रमाबादच्या पुढे गेले की कर्नाटकातला बिदर जिल्हा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीवर तेलंगणाने २०१७ मध्ये बंदी घातली. कर्नाटकाने २०२१ मध्ये तशीच तरतूद केली, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. महाराष्ट्राने ऑनलाइन खेळांसाठी वेगळा कायदाच केला नाही. जुगार हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय. त्यामुळे या कोपऱ्यात पत्त्यांचा एकच डाव सीमेच्या अलीकडे करपात्र सेवा होता आणि पलीकडे गुन्हा.

सरकारला जुगार मोडायचाही असतो आणि त्यातून पैसाही हवा असतो. ही दोन्ही उद्दिष्टे एकाच दराने साधत नाहीत, हे मटका, लॉटरी आणि रमी या तिन्हींचा हिशेब मांडला की दिसते.

कापसाच्या भावातून मटका

कापसाचा भाव किती फुटणार, ही धास्ती मुखेड-कंधारच्या शेतकऱ्याला नवी नाही. मुंबईचा मटकाही कापसाच्याच भावातून जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव मुंबईत कळायचा आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ तिथूनच आले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्कचा कापूस गेला, आकडा राहिला. गिरणगावातून तो एसटी स्टँडांपर्यंत आणि पानटपऱ्यांपर्यंत पोहोचला. नांदेड-लातूरच्या वर्तमानपत्रांत मटक्याच्या आणि ‘तिर्रट’ या पत्त्यांच्या जुगाराच्या अड्ड्यांवरच्या छाप्यांच्या बातम्या आजही येतात, आणि गुन्हे नोंदवले जातात ते १८८७ च्या मुंबईच्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली.

केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, महाराष्ट्राने १९६९ मध्ये. लोक नशीब आजमावणारच असतील तर बुकीकडे जाणारा पैसा सरकारकडे यावा, असा त्यामागचा युक्तिवाद होता. त्यासाठी सरकारला बुकीपेक्षा बरा भाव द्यावा लागला असता.

बुकी स्वस्त, सरकार महाग

मटक्यात एका आकड्याला साधारण नऊ पट पैसे मिळतात आणि आकडे दहा. जोडीला नव्वद पट आणि जोड्या शंभर. म्हणजे लावलेल्या रुपयामागे बुकीचा वाटा सरासरी दहा पैसे. हे कमी वाटते, पण तोच पैसा पुन्हा पुन्हा लावला जातो. शंभर रुपये सलग सात वेळा फिरले की सरासरीने ४८ उरतात.

आता सरकारी तिकीट. मार्च २०२० पासून लॉटरीवर सरसकट २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर तिकिटाच्या किमतीतच धरलेला असल्याने शंभरच्या तिकिटातले सुमारे २८ रुपये ५७ पैसे आधी करात जातात. उरलेल्या ७१ रुपयांत छपाई, विक्रेत्याचे कमिशन, सरकारचा नफा आणि शेवटी बक्षिसे. त्यातूनही मोठे बक्षीस लागलेच तर त्यावर ३० टक्के आयकर, आणि हरलेल्या तिकिटांची वजावट नाही. बुकीचा वाटा दहा रुपये, सरकारचा नुसता करच त्याच्या जवळजवळ तिप्पट.

शिवाय १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एक-अंकी लॉटरीला मनाई केली आणि कोणत्याही लॉटरीच्या सोडती आठवड्यातून एकीवर आणल्या. व्यसनाला आळा म्हणून हे योग्यच, पण मटक्याचे गिऱ्हाईक नेमके एका आकड्याचे आणि रोजच्या निकालाचे. दिवाळीची ‘भव्यतम’ सोडत वर्षातून एकदा येते, ‘क्लोज’ रोज रात्री.

निजामाचा कायदा, मोबाइलची रमी

ऑनलाइन रमीच्या कंपन्या ज्या निकालाच्या आधारावर उभ्या राहिल्या, त्याचा मुखेडशी जवळचा संबंध आहे. १९५६ पर्यंत नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि १३०५ फसलीचा, म्हणजे १८९५-९६ च्या सुमाराचा हैदराबाद जुगार कायदा तिथलाच. सिकंदराबादच्या एका क्लबवर याच कायद्याखाली झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६७ मध्ये न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. त्याच निकालात पुढे म्हटले होते की क्लब या डावांतून नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. अ‍ॅप कंपन्यांनी पहिला भाग जाहिरातीत घेतला. दुसरा त्यांच्या धंद्यालाच लागू पडत होता, म्हणून तो मागे राहिला.

१ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. पुढच्या सहा महिन्यांत ऑनलाइन खेळांतून ६,९०९ कोटी रुपये जमा झाल्याचे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. आधीच्या सहा महिन्यांत हाच आकडा १,३४९ कोटी होता. इतके उत्पन्न हाती असतानाही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. दरवर्षी ४५ कोटी लोकांचे मिळून वीस हजार कोटींहून अधिक नुकसान होते, हा अंदाज सरकारनेच दिला होता. म्हणजे ज्या व्यवहारातून कर येत होता, त्याच व्यवहाराचे नुकसान करापेक्षा मोठे आहे, अशी ही कबुलीच होती.

हा कर भरतो कोण?

उत्पन्नावरचा कर श्रीमंताला जास्त पडतो. तिकिटावरचा कर उलटा चालतो. ऊसतोडीची उचल हातात आलेल्या मजुराच्या शंभर रुपयांत आणि नांदेडच्या व्यापाऱ्याच्या शंभर रुपयांत सरकारला फरक दिसत नाही, पण मजुरासाठी ती रोजंदारीतली लक्षणीय रक्कम असते. मुखेडसारख्या कोरडवाहू तालुक्यात पैसा वर्षभर सारखा येत नाही. सुगीला आणि उचलीला तो एकदम येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत दिवाळीच्या तिकिटांची विक्री होते.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे ‘हो’ही म्हटले नाही आणि ‘नाही’ही नाही. अशी द्विधा प्रत्येक जुगाराच्या धोरणात दिसते. कर चढवला की सरकार सोवळे दिसते, पण खेळणारा स्वस्त बुकीकडे वळतो. कर उतरवला तर बुकीचा धंदा घटतो, पण सरकारच जुगाराला उत्तेजन देते असा आरोप येतो.

यात किमान प्रामाणिकपणाचा मार्ग एकच आहे. लॉटरीतून आलेला महसूल अर्थसंकल्पात जसा एक ओळ होऊन येतो, तसाच तो कुठल्या तालुक्यात जमा झाला आणि त्या तालुक्यातल्या आरोग्यावर, व्यसनमुक्तीवर व कर्जमुक्तीवर किती परत गेला, हेही शेजारी छापावे. ती दुसरी ओळ रिकामी निघाली, तर खेळाचे नाव लॉटरी ठेवा किंवा मटका, मुखेडच्या माणसाला फरक उरणार नाही.