सेवावर्गीकरण, सैनिकी
सैनिकी सेवावर्गीकरण : सेनादलातील प्रत्येक व्यक्तीचे काम, त्यासाठी लागणारी अर्हता व त्या कामाचा वेतनगट यांची नोंद ठरावीक संज्ञांनी अथवा संकेतांकांनी करण्याची प्रशासकीय पद्धत. हुद्दा व सेवावर्ग या दोन भिन्न गोष्टी होत. हवालदार या हुद्द्यावरून अधिकाराची पायरी कळते. तो हवालदार तोफ डागतो, बिनतारी यंत्र दुरुस्त करतो की स्वयंपाक करतो, हे त्याच्या सेवावर्गावरून (प्रचलित शब्द ‘ट्रेड’) समजते.

महाराष्ट्रात या भेदाचे जुने उदाहरण शिवकालीन लष्करात आढळते. कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीनुसार पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी आणि ५ हजाऱ्यांवर एक पंचहजारी असे. ही हुद्द्यांची उतरंड झाली. त्याखेरीज दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे कामाची गणनाही ठरलेली होती. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे घेऊन येणारा तो शिलेदार. रणांगणावर दोघेही घोडेस्वारच. परंतु घोड्याचा खर्च कोणाकडे हे वेगळे असल्याने दोघांची नोंद निराळी होई.

आधुनिक यंत्रयुद्धात कामांचे प्रकार वाढले व शब्दांऐवजी संकेतांक आले. अमेरिकेच्या भूसेनेत पायदळ शिपायाचा संकेतांक ‘११ बी’ असा आहे. त्यातील पहिले दोन अंक सेवाक्षेत्र व पुढील अक्षर विशिष्ट काम दाखविते. त्यानंतर येणारा अंक कौशल्याची पातळी दर्शवितो.

भारतीय भूसेनेत ‘आयसी’ हे उपपद कायम राजादिष्ट अधिकाऱ्याच्या, ‘एसएस’ अल्पमुदतीच्या अधिकाऱ्याच्या व ‘जेसी’ कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्याच्या क्रमांकापूर्वी येते. जवानांची सेवापत्रके त्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयात ठेवतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असे कार्यालय बेळगाव येथे, बाँबे सॅपर्सचे खडकी येथे, तर तोफखान्याचे नाशिक रोड येथे आहे. वर्गाची निवड भरतीच्या वेळीच होते. जालना जिल्ह्यातील जांब समर्थसारख्या गावाचा उमेदवार छत्रपती संभाजीनगर येथील भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत त्याला सर्वसाधारण सेवा, तांत्रिक, लिपिक-भांडारपाल किंवा ट्रेड्समन यांपैकी वर्ग आपल्या शिक्षणानुसार निवडावा लागतो.

या निवडीचे आर्थिक परिणाम दीर्घकालीन असतात. नियमित सेवेतील जवानांचे ‘एक्स’ व ‘वाय’ असे दोन वेतनगट असून, उच्च तांत्रिक अर्हतेच्या ‘एक्स’ गटास जादा वेतन मिळते. १ जुलै २०१४ पासून लागू झालेल्या ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजनेचे तक्तेही हुद्दा, गट व सेवेची वर्षे यांनुसार केलेले आहेत. त्यामुळे एकाच हुद्द्यावरून, तितक्याच वर्षांनी निवृत्त झालेल्या दोघांचे निवृत्तिवेतन गटभेदामुळे वेगळे असू शकते.

नागरी जीवनात परतताना मात्र हुद्द्याचा उपयोग थोडा व सेवावर्गाचा अधिक होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात सर्व सशस्त्र दले ‘०’ या एकाच गटात मोडतात आणि त्याचे विभाग केवळ हुद्द्यांवरून पाडलेले आहेत. या मोजपट्टीत सामान्य जवान असलेले आचारी व तोफची एकच ठरतात. म्हणून सैनिकी कामांची नागरी व्यवसायांशी सांगड घालणारी कोष्टके भारतात संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या कामी येतात. अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के जवान चार वर्षांनंतर नियमित सेवेत घेतले जातात. उरलेल्यांना आपण कोणते काम शिकलो हे नव्या मालकास दाखवावे लागते. त्यांच्या बाबतीत सेवापत्रकातील वर्गाची अचूक नोंद विशेष महत्त्वाची ठरते.