विश्लेषण : बर्फात अडकलेल्या गाडीतला हीटर जीवघेणा का ठरतो?
नाताळच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन स्वतःच्या गाडीने मनाली गाठायचा बेत आहे? मग पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी काय घडले, ते आधी वाचा. जानेवारी २०२२ मध्ये बर्फ पाहायला गेलेली कुटुंबे तिथे रस्त्यातच अडकली. बर्फ हटवणारी यंत्रे वेळेत पोहोचली नाहीत आणि किमान २२ जणांचा मृत्यू झाला.

सगळेच थंडीने गेले नाहीत. काहींचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला.

साचलेल्या बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजते. हीटरसाठी इंजिन मात्र सुरूच असते. धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते. मागच्या सीटवर मुले झोपलीत, असेच वाटते!

आपल्याकडेही डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार वाहने अडकली होती. पोलिसांनी पर्यटकांना बाहेर काढले.

अडकलातच, तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. बर्फ पडतच असेल तर दर वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा काढा. इंजिन तासाला साधारण १० मिनिटेच चालवा, तेव्हा वारा नसलेल्या बाजूची काच थोडी उघडी ठेवा. डोके दुखू लागले तर इंजिन लगेच बंद करून दारे उघडा. ब्लँकेट आणि पाणी डिकीत नको, हाताशी हवे.