विश्लेषण : इंग्लंडमध्ये डोक्यावरचे छप्पर जाण्याची वेळ आली, तर कौन्सिल कोणती मदत करते?

घरमालक घर विकायला काढतो, नोटीस हातात पडते आणि तेवढ्या भाड्यात दुसरे घर मिळत नाही. शिक्षण किंवा नोकरीसाठी इंग्लंडला गेलेल्या मराठी कुटुंबांवरही अशी वेळ येऊ शकते. तेव्हा मित्र, नातेवाईक, मंडळातले ओळखीचे लोक आठवतात. स्थानिक कौन्सिल मात्र सहसा आठवत नाही. वास्तविक तेथील कायद्याने कौन्सिलवर निश्चित जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. त्या कोणासाठी आहेत आणि त्यांना मर्यादा काय, हे समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

बेघरांना मदत करण्याची जबाबदारी इंग्लंडमधील कौन्सिलवर प्रथम १९७७ च्या कायद्याने आली. सध्याची चौकट १९९६ च्या हाउसिंग अॅक्टच्या सातव्या भागात आहे. त्यात २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन अॅक्टने मोठा बदल केला. तो ३ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्याआधी मुले नसलेल्या धडधाकट व्यक्तीची बोळवण बहुधा सल्ल्यावर होत असे. आता पात्र असलेल्या प्रत्येकाचे घर वाचवण्यासाठी किंवा दुसरे मिळवून देण्यासाठी कौन्सिलला प्रयत्न करावेच लागतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

'बेघर' कोणाला म्हणायचे?

फुटपाथवर झोपणाराच बेघर, असे कायदा मानत नाही. मित्राच्या सोफ्यावर दिवस काढणारा, राहण्याचा कायदेशीर हक्क नसलेला, घरातल्या मारहाणीमुळे तिथे राहणे शक्य नसलेली व्यक्ती, हे सगळे बेघर ठरू शकतात. येत्या ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असेल, तर 'बेघर होण्याचा धोका' आहे असे मानले जाते आणि तेव्हापासूनच मदत मागता येते. त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबणे हे सर्वांत मोठे नुकसान.

कौन्सिलकडे गेल्यावर काय होते?

कार्यालयात जाऊन, फोनवर किंवा ऑनलाइन अर्ज करता येतो. ओळखपत्र, व्हिसाची स्थिती, भाडेकरार, नोटीस, बँकेचे व्यवहार आणि आजारपणाची कागदपत्रे जवळ ठेवावीत. अधिकारी परिस्थिती तपासून लेखी योजना तयार करतो. तुम्ही काय करायचे आणि कौन्सिलने काय करायचे, हे त्यात नमूद असते.

घर अजून हातात असेल तर घरमालकाशी बोलणी, थकबाकीवर तोडगा, नव्या घराच्या डिपॉझिटसाठी मदत असे मार्ग वापरले जातात. घर गेलेच असेल, तर पुढचे ५६ दिवस नवी जागा मिळवून देण्याचे प्रयत्न होतात.

आजची रात्र कुठे काढायची, हाच प्रश्न असेल तर?

इथे 'प्रायॉरिटी नीड', म्हणजे अग्रक्रमाची गरज, हा निकष येतो. गर्भवती स्त्री, लहान मुले असलेले कुटुंब, घरगुती अत्याचारामुळे बेघर झालेली व्यक्ती, आग किंवा पुरात घर गमावलेले लोक यांचा त्यात समावेश होतो. वार्धक्य, अपंगत्व किंवा मानसिक आजारामुळे अधिक असहाय असलेल्यांनाही तो लागू होऊ शकतो. अशी व्यक्ती पात्र आणि बेघर आहे असे मानायला कारण दिसले, तरी कौन्सिलने लगेच तात्पुरता निवारा द्यायचा असतो. सगळे पुरावे जमेपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही. मुले असलेल्या कुटुंबाला बी-अँड-बीमध्ये सहा आठवड्यांहून अधिक काळ ठेवू नये, असाही नियम आहे.

मात्र मदत म्हणजे कौन्सिलचे घर मिळण्याची हमी नव्हे. पुष्कळांना तात्पुरत्या निवाऱ्यात दीर्घकाळ राहावे लागते, कधी दुसऱ्या भागातही जावे लागते. शेवटी मिळणारे घर खासगी मालकाचे असू शकते.

नोटीस आली की लगेच घर सोडायचे का?

नाही. बहुतेक भाडेकरूंच्या बाबतीत घरमालकाला न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो आणि प्रत्यक्ष ताबा बेलिफमार्फतच घ्यावा लागतो. परस्पर कुलूप बदलणे किंवा सामान बाहेर टाकणे बेकायदा आहे. कारण न देता घर रिकामे करायला लावणारी 'सेक्शन २१' नोटीस २०२५ च्या रेंटर्स राइट्स अॅक्टने रद्द केली. त्यासाठीची तारीख १ मे २०२६ आहे. नव्या नियमांत घर विकायचे असल्यास मालकाला चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

घाईने घर सोडले, तर 'तुम्ही स्वतःहून बेघर झालात' असा निष्कर्ष निघू शकतो आणि पुढची मदत अडते. म्हणून सल्ला घेतल्याशिवाय किल्ल्या देऊ नयेत आणि भाडे भरत राहावे. जीव धोक्यात असेल तर ही गोष्ट लागू नाही. तेव्हा आधी बाहेर पडावे. घरमालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहणाऱ्यांना हे संरक्षण बरेच कमी असते. अनेक विद्यार्थी तसे राहतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

व्हिसावर असलेल्यांना मदत मिळते का?

मराठी वाचकांसाठी कळीचा मुद्दा हाच. विद्यार्थी आणि नोकरीच्या व्हिसावर सहसा 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते. अशा व्यक्तीला बेघरांसाठीचा निवारा मिळत नाही. ब्रिटिश नागरिक आणि कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी असलेले लोक सहसा पात्र ठरतात. मात्र अनेक वर्षे भारतात राहून परतलेल्या ब्रिटिश नागरिकाला आपले नेहमीचे वास्तव्य इंग्लंडमध्येच आहे, हे दाखवावे लागू शकते.

तरीही व्हिसाधारकांसाठी सगळी दारे बंद नसतात. मोफत माहिती आणि सल्ला कौन्सिलच्या हद्दीतील कोणालाही मागता येतो. घरात मुले असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम १७ खाली कौन्सिलचा समाजसेवा विभाग मदत करू शकतो. जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या अत्याचारग्रस्त व्यक्तीला तीन महिन्यांची विशेष सवलत मागता येते आणि त्या काळात सरकारी मदत खुली होते. त्यामुळे नवऱ्याने 'व्हिसा रद्द करीन' अशी धमकी दिली, तरी गप्प बसण्याचे कारण नाही. मात्र या सवलतीमुळे मूळ व्हिसावर परिणाम होतो, म्हणून अर्जाआधी इमिग्रेशन सल्लागाराला भेटावे. विद्यार्थ्यांनी प्रथम विद्यापीठाच्या सहाय्य केंद्रात जावे.

कौन्सिलने नकार दिला तर?

तोंडी नकारावर परत फिरू नये. निर्णय लेखी मागावा. तो मिळाल्यापासून २१ दिवसांत फेरविचाराची मागणी करता येते. त्यातही चूक झाली असे वाटल्यास कायद्याच्या मुद्द्यावर काउंटी कोर्टात अपील करता येते. त्यासाठीही मुदत २१ दिवसांचीच. कमी उत्पन्न असल्यास सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. 'शेल्टर' आणि 'सिटिझन्स अॅडव्हाइस' या संस्था मोफत मार्गदर्शन करतात.

'तुमचा या भागाशी संबंध नाही' हे कारणही बऱ्याचदा पुढे येते. गेल्या १२ महिन्यांपैकी ६ महिने किंवा ५ वर्षांपैकी ३ वर्षे तिथे वास्तव्य, तिथली नोकरी किंवा जवळचे नातेवाईक यांवरून सहसा हा संबंध ठरतो. तो नसल्यास प्रकरण दुसऱ्या कौन्सिलकडे पाठवले जाऊ शकते. पण जिथे हिंसेचा धोका आहे, तिथे परत पाठवता येत नाही.