खोट्या शिक्षणापासून सावध राहू या



दिवाळीनंतर कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवरील पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गेल्या वर्षी परतलेल्या एका बहिणीने क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. भट्टीवर आलेल्या एका उपदेशकाने तिला सांगितले होते, "औषध घेणे म्हणजे अविश्वास. दान दे, देव बरे करील." क्षयाचे औषध निदान ६ महिने नेमाने घ्यावे लागते. अर्ध्यावर सोडल्यास रोग पुन्हा उलटतो आणि त्याच गोळ्यांना दाद देईनासा होऊ शकतो. खोटे शिक्षण असे जिवावर बेतते.

मी तिला रागावलो नाही. आम्ही दोघांनी शास्त्र उघडले. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै. ४:१४). तीमथ्याच्या पोटदुखीवर पौलाने उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). याकोब आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो, पण औषध टाकायला सांगत नाही (याकोब ५:१४). आणि देवाचे दान पैशाने घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने खडसावले (प्रे. कृत्ये ८:१८-२०).

"पण पाळकाला उलट विचारायचं कसं?" तिने विचारले. बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणेही शास्त्राशी रोज ताडून पाहिले आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच झाली (प्रे. कृत्ये १७:११). पारखणे म्हणजे अविश्वास नव्हे.

पारखायचे तर वचन कळले पाहिजे. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले, ते याचसाठी. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ साली ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

आता आमच्या पाड्यांवर संध्याकाळी एक जण अध्याय मोठ्याने वाचतो, बाकीचे तो आपल्या शब्दांत सांगतात. नवे शिक्षण कानी आले की आम्ही तीन प्रश्न विचारतो: संपूर्ण अध्याय हेच सांगतो का? यात गौरव ख्रिस्ताला मिळतो की सांगणाऱ्याला? कृपेची किंमत मागितली जाते का?

त्या बहिणीची प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा तपासणी होऊन उपचार सुरू झाले. आम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो आणि गोळी घेतली का, हेही रोज विचारतो. आपणही तिची आठवण प्रार्थनेत ठेवावी.

प्रभूच्या सेवेत आपला,
कसारा येथील एक सेवक