शहरातून तेजोमेघ टिपताना: फिल्टरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फिल्टर लावला की तेजोमेघ उजळतो, हा या विषयातला सर्वांत जुना गैरसमज आहे. कोणताही फिल्टर प्रकाश वाढवत नाही. तो अडवतो, आणि अडवताना तेजोमेघाचाही थोडा प्रकाश खातो. त्याची सारी उपयुक्तता एवढ्यावरच उभी आहे की आकाशाचा फाजील उजेड तो तेजोमेघापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात अडवतो. हे प्रमाण दोन गोष्टींवर ठरते: टिपायच्या वस्तूचा प्रकाश कसा आहे आणि गावातले दिवे कोणते आहेत. दुकानातल्या वर्णनात या दोन्ही गोष्टी सहसा नसतात.

इथे एक शंका हमखास येते. आकाशाचा उजेड नंतर संगणकावर वजा करता येतो, मग फिल्टरची गरज काय? उजेड वजा होतो, पण त्याच्यासोबत आलेला गोंगाट, म्हणजे चित्रातली रवाळ खरखर, तशीच राहते. फोटॉन ठरावीक लयीत येत नाहीत. सेन्सरच्या एखाद्या ठिपक्यावर आकाशाचे सरासरी 10,000 फोटॉन पडत असतील, तर ही संख्या शंभरेकने खालीवर होणारच, कारण चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. तेजोमेघाचे 50 फोटॉन त्या शंभराच्या चढउतारात बुडून जातात. ते वर काढायचे तर आकाशाचे फोटॉन सेन्सरवर पडण्यापूर्वीच गाळावे लागतात, किंवा तासन्‌तास प्रकाश गोळा करावा लागतो.

गाळणे शक्य होते ते तेजोमेघाच्या स्वभावामुळे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी 1864 साली कालेय तारकासमूहातल्या एका बिंबाभ्रिकेचा (प्लॅनेटरी नेब्युलाचा) वर्णपट पाहिला, तेव्हा तिथे ताऱ्यांसारखा सलग पट्टा नव्हता, मोजक्या उजळ रेषा होत्या. तापलेल्या विरळ वायूची ही ओळख आहे. हायड्रोजन-अल्फाची लाल रेषा 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीवर, दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या निळसर हिरव्या रेषा 495.9 आणि 500.7 वर, गंधकाच्या गडद लाल रेषा 672 च्या आसपास. उत्सर्जन तेजोमेघाचा कामाचा प्रकाश बहुतांशी एवढ्याच ठिकाणी एकवटलेला असतो.

‘लाइट पोल्यूशन फिल्टर’ कोणत्याही शहरात चालतो, ही समजूत सोडियम दिव्यांच्या काळातली आहे आणि त्या काळी ती पुष्कळशी खरीही होती. सोडियमचा उजेड मुख्यतः 589 नॅनोमीटरच्या आसपास आणि पाऱ्याच्या दिव्यांचा 436, 546 आणि 578 च्या जवळ असतो. यांपैकी काहीही तेजोमेघाच्या मुख्य रेषांवर पडत नाही. तेवढा भाग कापला की काम भागत असे. उच्च दाबाच्या सोडियम दिव्यांचा उजेड थोडा पसरट असतो, तरी फायदा नजरेत भरण्याजोगा होता. पांढऱ्या एलईडीने हे गणित मोडले. तिच्या उजेडात 450 च्या जवळ निळे शिखर आणि त्यापुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला सलग फुगवटा असतो. रस्त्यांवरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 मध्ये सुरू झाला, आणि आज महाराष्ट्रातल्या शहरांच्या आकाशात मुख्यतः हाच उजेड आहे. सलग उजेडाचा अर्धा भाग कापला, तर गोंगाट जेमतेम तीस टक्क्यांनी घटतो. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या रुंदपट्टा फिल्टरवर आता पैसे घालण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

अरुंदपट्टा फिल्टरचे तसे नाही. ढोबळ हिशेबासाठी आकाशाचा उजेड 400 ते 700 नॅनोमीटरमध्ये सारखा पसरलेला धरला, तर 7 नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर त्याचा सुमारे त्रेचाळिसावा हिस्साच आत सोडतो. त्या रेषेतला तेजोमेघाचा प्रकाश मात्र जवळजवळ पुरता येतो. गोंगाट साडेसहापट उतरतो. हा हिशेब एकरंगी कॅमेऱ्याचा झाला. रंगीत कॅमेऱ्याच्या लाल ठिपक्यांवर आधीच लाल गाळणी असल्याने तिथे फायदा कमी, पण तोही थोडाथोडका नाही. अशा कॅमेऱ्यांसाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्हींच्या खिडक्या असलेले दुपट्टा फिल्टर मिळतात: हायड्रोजन लाल ठिपक्यांवर उतरतो, ऑक्सिजन हिरव्या-निळ्यांवर. शृंगाश्वातला रोझेट, हंसातला नॉर्थ अमेरिका, धनूतला एम 8 हे भर शहरातून टिपता येतात ते यांच्याच जोरावर. (धनू आपल्याकडे रात्री सोयीच्या वेळी दक्षिणेकडे उंच येते ती नेमकी पावसाळ्यात, त्याला फिल्टरचा इलाज नाही.)

एक चांगला फिल्टर घेतला की सगळे आकाश टिपता येते, ही समजूत मात्र महाग पडते. कृत्तिकांभोवतीचा निळा मेघ धुळीवरून परतलेला ताऱ्यांचाच प्रकाश आहे. तो सलग असतो, आणि देवयानी दीर्घिकेचा प्रकाशही बहुतेक तसाच. त्यांना अरुंद खिडकी लावली, तर आकाशाबरोबर वस्तूही त्याच प्रमाणात जाते. धनूतल्या एम 20 तेजोमेघात हा भेद एकाच चौकटीत दिसतो: दुपट्टा फिल्टरमधून त्याचा लाल भाग ठसठशीत येतो, शेजारचा निळा भाग जवळजवळ नाहीसा होतो. अशा वस्तूंसाठी खरा उपाय प्रवासाचाच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या अंधाऱ्या आकाशाची जागा कोणताही फिल्टर घेत नाही.

नेहमीच्या डीएसएलआरला महागडा फिल्टर लावूनही लाल तेजोमेघ फिका येतो, आणि दोष फिल्टरला दिला जातो. बहुतेक वेळा दोषी कॅमेऱ्यातलीच कारखान्यातून बसवलेली अवरक्तरोधक काच असते. माणसाच्या डोळ्याला जुळणारे रंग यावेत म्हणून ती 656 नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश अडवते. अनेक कॅमेऱ्यांत जेमतेम पाव भाग आत पोहोचतो. कॅनन आणि निकॉन यांनी खगोलछायाचित्रणासाठी काढलेल्या मोजक्या मॉडेलांत ही काच बदललेली असे. इतर कॅमेऱ्यांत ती तंत्रज्ञाकडून बदलून घेतात.

खिडकी जितकी अरुंद तितके चांगले, हेही अर्धेच खरे. हे फिल्टर काचेवर चढवलेल्या अतिपातळ थरांतल्या व्यतिकरणावर चालतात, आणि प्रकाश तिरका शिरला की त्यांची खिडकी कमी तरंगलांबीकडे सरकते. एफ/5 च्या दुर्बिणीत हे सरकणे एक नॅनोमीटरच्या आत राहते. एफ/2 च्या वेगवान दुर्बिणीत कडेचे किरण चौदा अंशांनी येतात आणि खिडकी त्यांच्यासाठी चार-पाच नॅनोमीटर सरकू शकते. मग 3 नॅनोमीटरच्या फिल्टरमधून हवी ती रेषाच बाहेर पडते. अशा दुर्बिणींसाठी खिडकी मुद्दाम सरकवलेले फिल्टर वेगळे बनवतात. शिवाय 658.4 वरची नायट्रोजनची रेषा 3 नॅनोमीटरच्या खिडकीत मावत नाही, आणि काही बिंबाभ्रिकांमध्ये ती चांगलीच प्रखर असते.

अरुंदपट्टा असला की चांदण्याची पर्वा नाही, हे हायड्रोजनपुरते बरेचसे ठीक आहे. ऑक्सिजनच्या रेषा निळ्याकडे आहेत, आणि हवेत विखुरलेले चांदणे निळ्याकडेच जास्त असते. म्हणून पौर्णिमेच्या आसपास हायड्रोजन आणि अमावास्येच्या रात्री ऑक्सिजन, अशी वाटणी करतात. अरुंद खिडकीतून येणारा प्रकाश थोडा असल्याने एकेक चित्र काही मिनिटांचे घ्यावे लागते, नाहीतर सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वरचढ होतो. त्यासाठी आकाशाबरोबर अचूक फिरणारी बैठक लागते. साध्या तिपाईवर हे फिल्टर निरुपयोगी ठरतात.

रंग बिघडतात, ही तक्रार ताऱ्यांपुरती खरी आहे. ताऱ्यांच्या सलग प्रकाशाचा मोठा भाग अडल्याने ते बारीक आणि विचित्र रंगाचे येतात. म्हणून ताऱ्यांसाठी फिल्टर काढून कमी वेळाची काही चित्रे वेगळी घेतात आणि नंतर तेजोमेघाच्या चित्रात मिसळतात.