जुनी डिझेल गाडी: ऐकीव काय, खरं काय

हळदीचे पैसे हातात आले, केळीचा बाग उतरला, की हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्यासारख्या गावात गाडीचा विषय निघतोच. घरात सहा-सात माणसं. दवाखाना म्हटलं की अर्धापूरमार्गे नांदेड, कचेरीचं काम म्हटलं की कळमनुरी नाहीतर हिंगोली, आणि लग्नसराईत तर चार जिल्हे पालथे. अशा घराला छोटी मोटार पुरत नाही आणि नवी मोठी परवडत नाही. मग जुनी डिझेल गाडी.

युरोपात असं कुटुंब लांब डिकीची इस्टेट घेतं. टाटांनी 1992 मध्ये ‘इस्टेट’ आणि 2004 मध्ये ‘इंडिगो मरिना’ आणून आपल्याकडेही तो प्रयत्न केला, पण ती तऱ्हा रुजली नाही. तिची जागा 1994 च्या सुमोने घेतली, मग क्वालिस, बोलेरो, इनोव्हा आणि 2012 पासून एर्टिगाने. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे डिझेल एर्टिगा हवी असेल तर ती आता जुनीच मिळणार, आणि तिच्याभोवती ऐकीव गोष्टींचं मोठं जाळं आहे.

“दहा वर्षं झाली की डिझेल गाडी भंगारात जाते.” ही भीती दिल्लीची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हिंगोली जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी, डिझेल असो वा पेट्रोल, पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षं चालते. त्यानंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून दर वेळी 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. मात्र हे फुकट नाही. हलक्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झालं आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते 10,000 करण्यात आलं. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते तेव्हा हा खर्च तिच्या किमतीत धरा.

याच बंदीमुळे दिल्ली-हरियाणाच्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे येतात. “तिकडचीच घे, लाखभर वाचतात,” असं सांगणारा एखादा तरी भेटतोच. गाडी चांगली असूही शकते. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र म्हणजे 28 नंबरचा फॉर्म, इथला एकरकमी कर, नवा नंबर, एवढं सगळं झाल्याशिवाय ती तुमची होत नाही. महाराष्ट्रात नव्या डिझेल मोटारीला 10 लाखांपर्यंत 13, 20 लाखांपर्यंत 14 आणि त्यापुढे 15 टक्के कर आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, तरी आकडा दुखतोच. परक्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवता येत नाही. दलालाने सांगितलेल्या किमतीत कर धरलाय का, हे आधी विचारा. सहसा धरलेला नसतो.

आता किलोमीटरचं. “एका हातातली, डॉक्टरची गाडी, फक्त साठ हजार पळाली.” मीटरचा आकडा मागे घेणं हे लॅपटॉप असलेल्या माणसाचं थोड्या वेळाचं काम आहे, म्हणून त्या आकड्यावर किंमत ठरवू नका. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, कारण तिथे प्रत्येक खेपेचे किलोमीटर लिहिलेले असतात आणि मालकाची हरकत नसेल तर ते कळतात. मालक हरकत घेत असेल, तर तेही उत्तरच झालं. क्लचचं रबर घासून गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरची गादी एका बाजूला बसलीय आणि मीटर साठ हजार म्हणतोय, हे जुळत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. तीन वर्षांच्या गाडीवर कंपनीचे म्हणून आठ वर्षांपूर्वीचे टायर सापडले तर पुढचं बोलणं थांबवा.

तरी मी म्हणेन, जास्त किलोमीटरला घाबरण्याचं कारण नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावर वेळेवर ऑईल बदलत दीड लाख किलोमीटर पळालेलं डिझेल इंजिन, शहराच्या गर्दीत साठ हजार किलोमीटर तडफडलेल्या इंजिनापेक्षा बरं असतं. गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली आणि तिचे कागद कसे आहेत, यावर सगळं ठरतं.

इंजिनाबद्दल सगळ्यात जास्त चुकीचा समज ऑईलच्या रंगाचा. पट्टी ओढली, ऑईल काळंभोर निघालं, की बघणारा म्हणतो, “इंजिन संपलंय.” डिझेलची काजळी ऑईलमध्ये उतरतेच. ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काळं होतं आणि काजळी धरून ठेवणं हेच ऑईलचं काम आहे. काळजी करायची ती त्यात खडे लागले, पातळी पार खाली गेली किंवा झाकणाच्या आतून दुधाळ साय दिसली तर. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय.

इंजिन पाहायची वेळ सकाळची. निघण्याआधी मालकाला सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर का, ते विचारा, कारण थंड इंजिनाची दुखणी गरम झाल्यावर लपतात. मग किल्ली फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि सेल मारा. निरोगी इंजिन लगेच पकडतं. धूर बघायला दुसरा माणूस मागे उभा करा. क्षणभर पांढरट धूर आला आणि विरला तर ठीक. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पाय दाबला की काळा लोट निघत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा नुसता एअर फिल्टरही असू शकतो. तिथे अंदाज बांधू नका, मिस्त्रीला दाखवा. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑईल टाकायचं झाकण अलगद सैल करा, तोंड लांब ठेवून. थोडी वाफ चालेल, पण धुराचे झोत येऊन झाकण नाचायला लागलं तर पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली उतरतोय. ते काम मोठं असतं.

टायमिंगचंही विचारा. एर्टिगा, स्विफ्टमधल्या फियाटच्या 1.3 डिझेल इंजिनाला साखळी आहे, डस्टरच्या 1.5 डिझेलला पट्टा आहे आणि तो ठरलेल्या अंतरावर बदलावाच लागतो. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बदलल्याचं बिल नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरून किंमत कमी करून मागा.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते. 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. वास मारू नये म्हणून आत अत्तर फवारलेलं असेल, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या पट्ट्या आणि स्टेपनीची खोबणही बघा. गंज तिथे आधी चढतो.

“डिझेल म्हणजे बचतच.” ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि पूर्वीची मोठी तफावत राहिली नाही. हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल 104, डिझेल 91 रुपये धरू. पेट्रोल गाडी लिटरला 16, डिझेल 20 किलोमीटर देते असं धरू. वर्षाला 12,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे पेट्रोलवर 78,000, डिझेलवर 54,600 रुपये जातात. वाचले 23,400. वर्षाला 5,000 किलोमीटरच चालत असेल तर बचत 9,750 रुपये, आणि इंजेक्टरचं एक काम निघालं की ती गेली. गाडी फक्त सणवार आणि दवाखान्यापुरती असेल तर डिझेलचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज नांदेडला जाणाऱ्याची गोष्ट निराळी.

एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 डिझेल घेत असाल तर आणखी एक. काजळी अडवणारी गाळणी बहुतेकींच्या धुराड्यात असते आणि ती भरली की सलग वेगाने चालताना स्वतःला जाळून साफ करते. शाळा-बाजार असं दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती साफ होतच नाही, दिवा लागतो, गाडी ओढ सोडते. “आम्ही ती गाळणी काढूनच टाकलीय, आता त्रास नाही,” असं विकणारा सांगेल. प्रदूषण रोखणारा भाग काढलेली गाडी कायद्याने चालत नाही. ती घेऊच नका.

आता मुलाबाळांशी थेट संबंध असलेला समज. “जाड पत्र्याची जड गाडी म्हणजे सुरक्षित.” धडकेत पत्र्याची जाडी माणसाला वाचवत नाही. प्रवाशांची केबिन चेपली जाते की नाही, पट्टा आणि एअरबॅग वेळेवर काम करतात की नाही, यावर जीव अवलंबून असतो. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळून पाहिली, तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. तिच्यापेक्षा लहान असलेली टाटा नेक्सॉन 2018 मध्ये पाच तारे घेऊन गेली. जुन्या गाडीचं वर्ष बघताना म्हणून तारखा लक्षात ठेवा. चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची आहे आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून. त्याआधीच्या गाडीत या गोष्टी वरच्या मॉडेलला असू शकतात, खालच्या मॉडेलला बहुधा नसतात.

जुन्या सुमो-बोलेरोत मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर पोरं बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. अनेक गाड्यांत त्या बाकड्यांना पट्टाच नाही. धडकेत तिथलं मूल थेट पुढे फेकलं जातं. सात माणसांची गाडी हवी तर सातही जागा पुढे तोंड करून आणि प्रत्येक जागेला पट्टा, एवढी अट मी सोडणार नाही. दिसायला दणकट असलेलं पुढचं लोखंडी गार्डही उतरवून टाका. त्याच्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरला धडकेचा अंदाज चुकू शकतो आणि 2017 पासून केंद्राने त्यावर कारवाईचे आदेश दिलेले आहेत.

“जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी लागतो” हे डिसेंबर 2024 पासून पसरलंय. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. शेजाऱ्याकडून गाडी घेतली तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

राहिले कागद, आणि माणसं बुडतात ती इथेच. “शंभराच्या बॉण्डवर लिहून घेतलं, गाडी आपली झाली.” नाही झाली. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. 2007 मध्ये विकलेल्या पण नाव न बदललेल्या एका गाडीने 2009 मध्ये अपघात केला. मधल्या काळात ती आणखी हातांतून गेली होती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मूळ मालकावर टाकली. म्हणजे नाव न बदलणं विकणाऱ्याच्याही गळ्याशी येतं. नाव बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म हवा, कारण हप्ते फिटले तरी नोंदीतला बोजा आपोआप उतरत नाही. मालक वारला असेल तर मुलाच्या सहीने व्यवहार होत नाही. आधी 31 नंबरच्या फॉर्मवर गाडी वारसाच्या नावावर यावी लागते.

विम्याचंही तसंच. गाडी घेतली म्हणजे आधीच्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत तुम्हाला मिळत नाही, ती त्याच्याकडेच राहते. तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर 14 दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी वऱ्हाडाच्या भाड्याला लावणं गावोगाव चालतं. पण अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं निघालं, तर कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते आणि परवान्याविना भाडं मारल्याची कारवाई वेगळी. उलट बाजूने, घ्यायची गाडी आधी पिवळ्या पाटीवर भाड्याने फिरत होती का, हे आरसीच्या इतिहासात दिसतं.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि बोजा दिसतो, आणि थकलेली चलनं ई-चलनाच्या संकेतस्थळावर. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा पाटी बसलेली नसेल तर आरटीओत नावबदलीचं काम अडतं, म्हणून ती विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या. आणि पैसे दोन टप्प्यांत द्या. मोठा भाग गाडी ताब्यात घेताना, उरलेला तुमचं नाव ऑनलाइन नोंदीत दिसेल त्या दिवशी. हे आधीच कागदावर दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा.