तुझा वार कुठला?

बेळगाव शहराच्या दक्षिणेला अनगोळ आहे. एके काळी ते स्वतंत्र खेडे होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर झाले आहे. एका अंगाला उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि कारखाने, दुसऱ्या अंगाला वडगाव-शहापूरकडील यंत्रमागांची खडखड, आणि या दोहोंच्या मध्ये अजूनही थोडीफार भातशेती राखून असलेली जुनी घरे. गोव्यातील वाचकांना हा मुलूख परका नाही. बाजारहाट, दवाखाना, मुलांचे शिक्षण आणि सोयरीक यांच्या निमित्ताने चोर्ला घाट चढणारी कुटुंबे आपल्याकडे गावोगाव आहेत. आम्हीही अशाच एका घरगुती निमित्ताने आषाढात अनगोळास एका स्नेह्यांकडे दोन दिवस राहिलो होतो. तेथे जे पाहिले, त्यावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्नेह्यांचा मुलगा पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीला. वय तिशीच्या आत. तो महिनाभरापासून घरी येऊन राहिला होता. ताप नाही, खोकला नाही. रक्ताच्या साऱ्या तपासण्या निर्दोष. पण सकाळी अंथरुणातून उठणे त्याला डोंगर चढण्यासारखे वाटे. फोन वाजला की हाताला कंप सुटे. ज्या कामाची त्याला कॉलेजपासून हौस होती, त्या कामाचे नाव काढताच तो तोंड फिरवी. आईवडिलांना दुखण्यापेक्षा चिंता वेगळीच होती. शेजारीपाजारी विचारीत, “मुलगा घरी कसा? रजा किती दिवसांची?” आणि या प्रश्नाला रोज नवे उत्तर शोधावे लागे. सोयरिकीच्या बोलण्यात ही गोष्ट फुटू नये, याचीही धडपड चाललेली.

हे दुखणे काल्पनिक नव्हे. न्यूयॉर्कमधील मनोवैज्ञानिक हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर प्रथम लिहिले. मोफत दवाखान्यात निष्ठेने राबणारे स्वयंसेवक हळूहळू आतून विझत जातात, हे त्यांनी पाहिले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कामचुकार माणूस सहसा या वाटेने जात नाही. ज्याचे कामावर मन असते तोच आधी जळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची व्याख्या केली, तेव्हा तिला रोग न म्हणता कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आणि तिची तीन लक्षणे सांगितली. शक्ती आटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून आता काही नीट होत नाही असे वाटू लागणे. साधा थकवा दोन रात्रींच्या झोपेने उतरतो. हा उतरत नाही. म्हणूनच “चार दिवस गावी जाऊन ये, बरा होशील” हा आपला नेहमीचा सल्ला येथे अपुरा पडतो.

असा माणूस आपल्यात आला की आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा खरा प्रश्न आहे. रस्त्यात भेटलेल्या परिचिताला कसे काय विचारले तर तो म्हणतो, “मरायलाही फुरसत नाही!” हे तो तक्रार म्हणून सांगत नाही, छातीवरच्या पदकासारखे मिरवतो. उलट “सध्या निवांत आहे” असे म्हणणाऱ्याची आपण कीव करतो. रिकामटेकडा, ऐतखाऊ, आळशी या शब्दांची आपल्या भाषेत ददात नाही; पण पुरेसे काम करून थांबलेल्या माणसाला गौरवाने म्हणावा असा शब्द शोधावा लागतो. गोव्यात ‘सुशेगाद’ हा शब्द आहे. शांत, स्वस्थ असा त्याच्या पोर्तुगीज मुळाचा अर्थ. पण त्याचीही आपण थट्टा करून टाकली. दुपारी दुकानाची फळी लावून जेवायला आणि घटकाभर लवंडायला जाणारा आपला दुकानदार बाहेरच्यांच्या विनोदाचा विषय झाला आणि आता आपल्यालाही त्याची लाज वाटू लागली आहे.

ही लाज वाढविण्यास मोठमोठ्यांचाही हातभार लागला आहे. कर्नाटकातीलच ख्यातनाम उद्योगपती नारायण मूर्ती यांनी २०२३ च्या ऑक्टोबरात तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला. मधल्या काळात, २०२४ च्या जुलैत, कर्नाटकातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत दिवसाला १४ तासांपर्यंत काम घेता यावे असा प्रस्ताव पुढे आला आणि कर्मचारी संघटनांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. त्याच महिन्यात पुण्यात नोकरीला लागून उणेपुरे चार महिने झालेल्या एका २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने पत्र लिहून कळविले, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. हळहळ ओसरली, घड्याळ मात्र होते तसेच राहिले.

देश गरीब आहे, कष्टांवाचून तो वर कसा येणार, हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु कष्ट आणि तास या एकच गोष्टी नव्हेत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जाहीर केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. माणसे झिजवून उभारलेली संपत्ती शेवटी इस्पितळांच्या बिलांत जाते, हा हिशेब कोणी मांडायचा?

आपल्याकडे तो एकदा मांडला गेला होता. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी चळवळ केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही दाखला त्या मागणीसाठी दिला गेल्याचे सांगितले जाते. आज आपण ज्या रविवारी घरी बसूनही कार्यालयाचे निरोप वाचत असतो, तो रविवार कोणी दान दिलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेनेही तीच ठेवली आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

विसाव्याचा हा प्रश्न केवळ संगणकापुढे बसणाऱ्यांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. याच सीमाभागात निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून हजारो स्त्रिया राबल्या. १९८२ साली ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. वखारीतून वा विड्या वळून उठलेल्या बाईला पुढे चूल, पाणी आणि मुले असतातच. तिच्या थकव्याला आपण कधी नाव दिले नाही, एवढेच. साडीमागे मजुरी घेणाऱ्या विणकरालाही थांबलेला माग म्हणजे बुडालेली रोजी. “विश्रांती घ्या” हा उपदेश अशांना करणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

अनगोळात आम्ही होतो त्या दोन दिवसांत एक शुक्रवार होता. आषाढात ग्रामदेवतेच्या यात्रेपूर्वी ठरलेल्या मंगळवारी आणि शुक्रवारी वार पाळण्याची त्या भागात प्रथा आहे. त्या दिवशी शेतातील काम बंद. हवामान कसेही असो, कोणी खुरपे हाती घेत नाही. घरातील ऐंशीच्या घरातल्या आजी सोप्यात बसल्या होत्या. नातू कोपऱ्यात फोन हातात धरून, तो वाजण्याची वाट पाहत आणि वाजू नये अशी इच्छा करीत बसला होता. आजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “बैलालाबी बेंदूर हाय, जमिनीलाबी वार हाय. तुझा वार कुठला रे?”

त्याला उत्तर देता आले नाही. आम्हांलाही आले नसते.

या प्रश्नातच रोगाचे निदान आहे, असे आम्हांस वाटते. वार पाळणारा शेतकरी कोणाकडे रजा मागत नव्हता आणि त्याबद्दल लाजतही नव्हता, कारण सारा गाव एकदम थांबत असे. शेजारी पुढे जाईल ही धास्ती नव्हती. त्या प्रथेला उणिवा होत्या. वाराच्या दिवशीही चूल पेटवावी लागे ती बायकांनाच. तरीही थांबणे हा एकट्याचा दुबळेपणा नसून सर्वांचा नेम आहे, ही समज तीत होती. आज आपण विसावा प्रत्येकाच्या खासगी हिकमतीवर सोपविला आहे आणि तो घेणाऱ्याला गुन्हेगार ठरविले आहे.

तेव्हा उपायही सर्वांनी मिळून करावा लागेल. मालकांनी ४८ तासांची मर्यादा कागदावरून प्रत्यक्षात आणावी. सरकारने आठवड्याच्या पगारी सुटीचा विचार घरबसल्या आणि अंगावर काम घेणाऱ्यांसाठीही करावा. घरच्यांनी थकलेल्या माणसाला “असे काय झाले आहे तुला?” हा प्रश्न विचारणे सोडावे. उदासी हटत नसेल, झोप-अन्न तुटले असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. आणि आपण सर्वांनी निदान एवढे करावे, की “मरायलाही फुरसत नाही” असे म्हणणाऱ्याचे कौतुक थांबवावे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मुलाने फोन बंद करून आजींच्या हवाली केला. त्यांनी तो देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला. त्याची नोकरी टिकेल की नाही, हे आम्ही निघालो तेव्हा ठरलेले नव्हते. पण रात्री तो पोटभर जेवला आणि सकाळी आम्हांला बसपर्यंत पोहोचवायला आला. वाटेत एका शेजाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारलाच. त्यावर तो म्हणाला, “वार पाळतोय.” शेजारी क्षणभर थबकला आणि मग मान हलवून पुढे गेला.